बाथरूममधला गज

"काढा. हात काढा आधी."

बाबांनी हात काढला नाही. भिंतीत नुकताच बसवलेला गज दोन्ही हातांनी धरून ते बाथरूममध्ये कमोडच्या बाजूला उभे होते, आणि चेहऱ्यावर असा भाव होता की चोरी पकडली गेली तरी मुद्देमाल सोडायचा नाही. धाकटा मुलगा चहाचे दोन कप घेऊन दारात उभा राहिला. चहा गाळून आणेपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ तो इथून हलला होता.

"मी नुसतं बघत होतो," बाबा म्हणाले.

"डोळ्यांनी बघतात, बाबा."

"डोळ्यांनी काय कळतं?" म्हणत त्यांनी आणखी एक हिसका दिला, आणि गजाचं वरचं टोक भिंतीतून बोटभर बाहेर आलं. त्याच्यामागून राखाडी, चिकट, अर्धवट थिजलेला लगदा टाइलवरून खाली ओघळायला लागला.

दोघंही त्या लगद्याकडे बघत राहिले.

"बघ," बाबा म्हणाले. "कच्चाच होता."

धाकट्याने कप खिडकीत ठेवले. साइटवर कुणी हे केलं असतं तर त्याने त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. इथे तीही सोय नव्हती, कारण त्या पिढ्यांत आपण स्वतःही येतो. त्याने नुसता कपाळावर हात मारला आणि बाबांना दंडाला धरून बाहेरच्या खुर्चीवर आणून बसवलं.

"इथनं उठायचं नाही."

"मी काय लहान आहे?"

"लहान असता तर एक धपाटा घातला असता."

आता या दोघांचं दुखणं असं होतं की दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. धाकट्याचं सगळं आयुष्य सळया बसवण्यात गेलं. जुन्या इमारतीला नवा खांब जोडायचा असो, जुन्या भिंतीतून नवी गॅलरी काढायची असो, काँक्रीटला भोक पाडून त्यात इपॉक्सी भरायचं आणि सळई रोवायची, हे त्याचं काम. इपॉक्सीला, म्हणजे त्या चिकट लगद्याला, साइटवर सगळे नुसतं केमिकल म्हणतात. भोक पाडलं की पंपाने हवा मारायची, ब्रश फिरवायचा, पुन्हा हवा मारायची, कारण आत चिमूटभर धूळ राहिली तरी केमिकल भिंतीला न चिकटता त्या धुळीलाच चिकटून बसतं. मग केमिकलची गन भोकाच्या तळाला टेकवून तिथून भरत भरत बाहेर यायचं, सळई फिरवत फिरवत आत सारायची, आणि मग सगळ्यात अवघड काम करायचं, म्हणजे काहीच करायचं नाही. आतल्या आत ते घट्ट होत असतं. त्या वेळात सळई हलली की पकड गेली ती गेली. पुढे ते दगडासारखं कडक झालं तरी आत फट राहते आणि सळई खुळखुळत राहते. पण लोकांना हे पटत नाही. सुपरवायझर येतो, "बसली का?" म्हणतो आणि हात लावतो. रंगारी शिडी टेकवतो. पाहुणा म्हणून आलेला माणूसही जाता जाता एक टिचकी मारून जातो. आयुष्यात धाकटा सगळ्यात जास्त वेळा काय बोलला असेल तर "हात लावू नका."

आणि बाबांचं आयुष्य गेलं ट्रकवर माल बांधण्यात. दोरी आवळायची, गाठ मारायची आणि हिसका द्यायचा. हिसका दिल्याशिवाय त्यांनी कधी ड्रायव्हरला गाडी हलवू दिली नाही. त्यांनी बांधलेला माल रस्त्यात सांडला नाही, हे ते भेटेल त्याला सांगत, आणि ते खरंही होतं. पण मग घरातही तेच. दार लावलं की हिसका, खिळा ठोकला की हिसका. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा व्याह्यांशी हात मिळवताना असा काही हिसका दिला की ते गृहस्थ जेवताना डाव्या हाताने घास घेत होते. ओढून बघितल्याशिवाय बाबांचा देवावरसुद्धा विश्वास बसला नसता.

अशा माणसाच्या घरात हात न लावता ठेवायची वस्तू बसवायची, आणि तीही आजच. संध्याकाळी ताई, त्याची थोरली बहीण, गाडी घेऊन येणार होती.

बाबा इथे एकटेच राहायचे, आणि मागच्या महिन्यात सकाळी बाथरूममध्ये जाऊन बसले ते उठलेच नाहीत. पडले नाहीत, चक्कर आली नाही, काही झालं नाही, फक्त उठता येईना. दुपारी वरच्या मजल्यावरच्या बाईंनी हाका ऐकल्या तेव्हा कुठे सुटका झाली. त्या दिवसापासून ताईने धोशा लावला होता की तुम्ही माझ्याकडे चला. बाबा हटून बसले. फोनवर रोज भांडण. शेवटी ताईनेच तोड काढली की भिंतीला काहीतरी धरायला लावून घ्या आणि माझ्यासमोर एकदा आपले आपण उठून दाखवा. उठलात तर राहा इथे खुशाल, नाही तर त्याच दिवशी बॅग भरायची. बाबांनी मान्य केलं आणि भिंतीला भोकं पाडायला मात्र काल रात्रीपर्यंत नकार दिला. "चांगल्या भिंतीची चाळण कशाला?" आता सांगा, काय करायचं या माणसाचं?

धाकट्याने स्वतःकडे न्यायचं म्हटलं तर त्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तो स्वतः निम्मा महिना परगावच्या कामांवर. बायको नोकरीवर. बापाला "माझ्याकडे चला" म्हणायची सोय नाही याची त्याला लाज वाटायची, आणि लाज वाटली की तो चिडायचा. बापासाठी त्याला करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे हा एक गज. तेवढा तरी धड झाला पाहिजे, असं त्याने मनाशी घेतलं होतं.

त्याने निम्मा सुटलेला गज उपटून काढला, फडक्याने पुसून चकचकीत केला. आधीची दोन भोकं आता वाया. त्याच्या खाली वीतभर जागा सोडून त्याने पेन्सिलीने नवी खूण केली आणि ड्रिल लावलं. पहिल्याच दणक्याला टाइलला तडा गेला, तिरपा, पार कोपऱ्यापर्यंत.

"काय फुटलं?" बाहेरून बाबा.

"माझं नशीब."

"टाइल फुटली ना? मी सांगत होतो, भिंतीची चाळण होणार."

धाकटा दात आवळून ड्रिल दाबत राहिला. अंगावर, डोक्यावर, पापण्यांवर पांढरी धूळ बसली. दुसरं भोक संपत आलं तेव्हा दारात वरच्या बाई उभ्या दिसल्या, एक हात कानावर.

"माझ्या कपाटातल्या बश्या नाचतायत. अजून किती पाडायची आहेत?"

"झालं, मावशी. शेवटचं."

त्यांनी मान वाकवून आत बघितलं. त्या बघत असतानाच त्याने भोकं साफ केली, गनमधून आधी थोडं केमिकल एका पुठ्ठ्यावर टाकून रंग एकसारखा झाल्याची, म्हणजे ते नीट मिसळल्याची, खात्री केली, दोन्ही भोकं भरली आणि गजाचे दोन्ही वाकवलेले पाय हळूहळू फिरवल्यासारखे करत आत सारले. कडेने जरासं बाहेर आलेलं बोटाने पुसून घेतलं. गज सरळ बसला होता, ओळंब्यात, सुरेख.

"हे धरून उठायचं होय? छान आहे की," म्हणत बाईंनी हात पुढे केला.

"ओ बाई," बाहेरच्या खुर्चीतून बाबा कडाडले, "हात लावू नका त्याला. कच्चं आहे ते. अक्कल आहे की नाही काही?"

बाईंनी हात मागे घेतला आणि पुटपुटत जिना चढून गेल्या. धाकट्याने बापाकडे बघितलं. बाबांनी असा चेहरा केला होता की या घरात शिस्त म्हणून काही आहे.

मग वाट बघणं सुरू झालं. धाकट्याने बादली पालथी घातली आणि बाथरूमच्या दारातच ठाण मांडलं. एकदा फसला होता, आता हलणार नव्हता. बाबा समोरच्या खुर्चीत.

"झालं असेल आता," बाबा म्हणाले.

"नाही झालं."

"तुला कसं कळतं न ओढता?"

"वेळ झाली की होतं ते."

"वेळ झाली की होतं," बाबांनी त्याची नक्कल केली. "म्हणजे विश्वासावर. असल्या विश्वासावर मी गाड्या सोडल्या असत्या तर निम्मा माल घाटात गेला असता."

धाकट्याने डोळे मिटून घेतले. मग त्याला सुचलं. त्याने पुठ्ठ्यावर पडलेला केमिकलचा गोळा उचलून बाबांच्या मांडीवर ठेवला. "हे घ्या. आत आहे तेच यात आहे. हे पक्कं झालं की ते पक्कं. दाबा, कुरतडा, काय वाट्टेल ते करा. फक्त गजाला सोडा."

बाबांनी पुठ्ठा हातात धरला. आधी संशयाने. मग अंगठ्याचं नख रोवून बघितलं. "मऊ आहे."

"मऊच असणार."

"आता थोडं कमी मऊ आहे."

"बाबा, आत्ता तर बघितलंत."

पण तोडगा लागू पडला. म्हातारा त्या गोळ्यात रमला. थोड्या थोड्या वेळाने नख लावायचा, कानाशी नेऊन वाजवून बघायचा आणि बातमी द्यायचा. मधेच त्यांनी पुठ्ठा बाजूला ठेवला.

"ती चांगली आहे रे. ताई."

"वाईट कोण म्हणतंय?"

"खोली केलीय म्हणे माझ्यासाठी. टीव्ही पण लावलाय." त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. "पण मी तिथे बसू कुठे? सगळे सकाळी कामाला जाणार. खाली उतरलो तर कोण ओळखणार मला? इथे कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा विचारतो, काल दिसला नाहीत म्हणून. तिथे मी आपला पाहुणा. मरेपर्यंत पाहुणा."

"उठून दाखवायचं आणि इथेच राहायचं," धाकटा म्हणाला. "गज बसलाय आता. हत्ती लटकला तरी निघणार नाही."

"निघायला नको," बाबा म्हणाले. आणि मग जरा चुळबुळत, "मला जायचंय."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? आत."

धाकट्याने कपाळाला हात लावला. "आत्ताच?"

"मग काय अर्ज करू?"

इलाज नव्हता. धाकटा उठला, बादली सरकवली आणि बाबांना मिठीत धरल्यासारखं करून आत नेलं. "गजाला धरायचं नाही. मला धरा. गजाकडे बघायचंसुद्धा नाही." बाबांनी त्याच्या दंडाला धरलं आणि बसले. उठायच्या वेळी त्यांनी पुन्हा दंड धरला, पण बोटं शर्टावरून घसरून खाली आली. दुसऱ्यांदा धरलं, पुन्हा घसरली. शेवटी धाकट्यानेच काखेत हात घालून उचललं. अंगावर सगळी धूळ होती, शर्ट निसरडा झाला असणार, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि वैतागून म्हणाला, "नीट धरा ना."

"धरतोय की," बाबा म्हणाले.

खुर्चीत बसल्यावर त्यांनी पुठ्ठा उचलला, गोळ्याला नख लावलं, तो खुर्चीच्या दांड्यावर आपटला. टणक आवाज आला.

"दगड झाला," त्यांनी जाहीर केलं. पुन्हा एकदा आपटला. "मान गए. पक्का आहे."

आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी त्याच्या कामाला पक्कं म्हटलं होतं. तेही पुठ्ठ्यावरच्या गोळ्याकडे बघून, पण म्हटलं होतं. धाकटा आत गेला आणि गजाला दोन्ही हातांनी लोंबकळला, पाय वर उचलून, सगळा भार टाकून. तडा गेलेल्या टाइलमधून साधा कणही पडला नाही.

ताई आली ती दारातूनच बोलत आली. "केवढी ही धूळ. झालं का तुमचं? मला परत जायला उशीर होईल." तिचे डोळे ओढलेले होते. तिने पर्स टेबलावर ठेवली आणि बाबांच्या केसांतली धूळ हातानेच झाडली. "मला काही हौस नाहीये, बाबा. पण फोन वाजला की धस्स होतं. प्रत्येक वेळी वाटतं, हाच तो."

"कशाला धस्स व्हायला पाहिजे? बघच आता," बाबा म्हणाले. ते स्वतःहून आत गेले. कमोडचं झाकण लावलेलंच होतं, त्यावर बसले. शर्ट खाली ओढून नीट केला, जणू फोटो काढून घ्यायचा आहे. ताई दारात, धाकटा तिच्यामागे.

बाबांनी दोन्ही हातांनी गज धरला आणि जोर लावला. ते थोडेसे उचलले गेले. मानेच्या शिरा वर आल्या, कोपरं थरथरायला लागली, आणि ते परत खाली बसले.

"अंगातला ताठपणा आहे जरा," ते म्हणाले. "दिवसभर खुर्चीत बसवून ठेवलं याने."

दुसऱ्यांदा त्यांनी पाय मागे घेतले, पुढे वाकले, ओठ आवळले. या वेळी धाकट्याला त्यांची बोटं दिसली. गजावर बोटं मिटतच नव्हती. अंगठा वरून येऊन बोटांना भेटायच्या आधीच थांबत होता. भार आला की एकेक बोट सुटत होतं. गज जागच्या जागी होता, भिंत जागच्या जागी होती, आणि बाबा त्यावरून हळूहळू घसरत खाली येत होते.

ताईने नजर जमिनीकडे वळवली.

तिसऱ्यांदा बाबा उठायचा प्रयत्न करणार असं वाटलं, पण त्यांनी हात गजावर नुसते ठेवले. थोडा वेळ गजाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "हलतोय हा."

"हलत ना..." धाकट्याच्या तोंडातून सवयीने निघालं. त्याने बसवलेली सळई हलते असं कुणी म्हणालं की तो त्या माणसाला तिथेच उभा करून दोन्ही हातांनी ओढायला लावायचा, आणि चार माणसांसमोर. पण बाबांनी मान वर केली होती. ते त्याच्याकडे बघत होते. आवाजात नेहमीची कुरकुर होती, पण डोळ्यांत नव्हती. डोळ्यांनी ते त्याला काहीतरी मागत होते, आणि या माणसाने आजवर त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

धाकट्याने एकदा गजाकडे बघितलं.

"हो," तो म्हणाला. "हलतोय. मघाशी मलाही वाटलं होतं."

"म्हणजे?" ताई वळली. "तू तर फोनवर म्हणालास की..." तिने गजाकडे हात नेला.

धाकटा तिच्या आणि गजाच्या मध्ये आला. "नको, ताई. टाइलला तडा गेलाय, सगळीच सुटेल. भोकात धूळ राहिली असणार माझ्या हातून. केमिकलने धरलंच नाही."

"धूळ राहिली?" ताईचा आवाज चढला. दिवसभराची दगदग, महिन्याभराची धास्ती, सगळं त्या आवाजात आलं. "लोकांच्या बिल्डिंगा उभ्या करत फिरतोस, आणि बापासाठी एवढा एक गज धड बसवता येत नाही तुला? मी काय भरवशावर सोडू यांना इथे?"

"नको सोडूस," धाकटा म्हणाला. "चुकलं माझं."

"चुकलं म्हणे. एवढी वर्षं करतोयस काय मग?"

तो मान खाली घालून उभा राहिला. आपल्या कामाबद्दल असं बोलणं त्याने कुणाचंही ऐकून घेतलं नव्हतं, आता ऐकून घेत होता.

"पुरे," बाबा म्हणाले. "त्याला बोलू नकोस. सकाळी मीच घाई केली, मीच हिसका दिला. त्याचं काम चांगलं असतं." मग त्यांनी गजावरचे हात काढले आणि धाकट्यापुढे केले. "उठव मला."

धाकट्याने काखेत हात घालून त्यांना उठवलं. उभं राहिल्यावरही बाबा जरा वेळ तसेच त्याला टेकून राहिले.

बॅग भरायला फार वेळ लागला नाही. ताईने कपडे घड्या घालून ठेवले, औषधं वेगळ्या पिशवीत घेतली, आणि आता तिचा राग ओसरून ती नाक ओढत होती. जाता जाता वरच्या बाई जिन्यात भेटल्या. बाबांनी त्यांना सांगितलं की चार दिवस मुलीकडे जाऊन येतो, गज जरा कच्चा राहिलाय. बाईंनी मान डोलावली.

धाकट्याने बाबांना पुढच्या सीटवर बसवलं, पाय उचलून आत घेतले, दार लावलं. बाबांनी काच खाली केली.

"तो गज," ते म्हणाले. "मी येईपर्यंत पक्का करून ठेव."

"ठेवतो, बाबा."

"घाई करू नकोस."

"नाही करत."

ताईने गाडी सुरू केली. गाडी कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी थोडी हळू झाली आणि मग वळली. धाकटा जरा वेळ तिथेच उभा राहिला, आणि मग बाथरूममधली धूळ पुसून काढायला आत गेला.